शाळेची किल्ली कोणाकडे आहे?

मी दोन थर्मामीटर विकत आणलेत. एक आमच्या ओसरीत टांगलाय, लिंबाच्या सावलीच्या बाजूला. दुसरा शेजारच्या आजीच्या खोलीत, टिनाच्या पत्र्याखाली खुंटीला. मे महिन्यात दुपारी तीनला आणि रात्री दहाला दोन्ही पाहून यायचं, हा माझा दोन उन्हाळ्यांपासूनचा रिकामा उद्योग. आजीच्या खोलीतला पारा दुपारी वर असतो यात नवल नाही. पण रात्री दहालाही तो वरच असतो. आमची ओसरी तोवर निवायला लागलेली असते, आजीच्या खोलीच्या भिंती मात्र दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री ओकत बसतात. "आकडा पाहून का करतं बाबू," ती म्हणते, "मले अंगच सांगते."

टीव्हीवर 'पारा ४५ वर' अशी पट्टी फिरते, तो पारा कुठला? वेधशाळेचा. तो थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याच्यावर ऊन पडत नाही, हवा मात्र खेळती राहते. जमिनीपासून उंची साधारण सव्वा ते दोन मीटर. सगळ्या देशातले आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ही शिस्त. म्हणजे टीव्हीवरचं ४५ हे मोकळ्या हवेतल्या सावलीचं ४५. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचं, वीटभट्टीवरच्या गड्याचं किंवा टिनाखालच्या आजीचं ४५ कोणी मोजतच नाही.

बरं, मोजणारं यंत्रही कधी कधी भलतंच बोलतं. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि दिवसभर मोबाइलवर तोच फोटो फिरत होता. यंत्रात बिघाड होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. तोवर आमच्या पानटपरीवर नागपूर वितळून झालं होतं.

मग शहरं उन्हाच्या धोक्याचा अंदाज बांधतात तरी कशी, आणि आपल्या गावाने त्यातून काय उचलायचं? ही गोष्ट अहमदाबादपासून सांगावी लागते. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ पर्यंत गेला. लोक दगावले, पण दाखल्यावर 'उन्हाने मृत्यू' असं फारसं कोणी लिहीत नाही. हृदय बंद पडलं, किडनी गेली, म्हातारपण, असंच लिहिलं जातं. म्हणून अभ्यासकांनी दाखल्यावरची कारणं बाजूला ठेवली आणि नुसती डोकी मोजली. एरवीच्या मे महिन्यांत या शहरात किती माणसं जातात आणि या मे महिन्यात किती गेली? फरक निघाला १,३४४. ही माणसं कोणत्याच यादीत उन्हाचे बळी म्हणून नव्हती, आणि तरी उन्हानेच नेली होती.

मृत्यूची नोंदवही आणि तापमानाची नोंदवही शेजारी शेजारी उघडून ठेवली, की किती अंशांपासून मरणं वाढू लागतात ते दिसतं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यातले इशारे त्या शहराच्या स्वतःच्या नोंदींवरून ठरले : ४१.१ च्या पुढे पिवळा, ४३.१ च्या पुढे नारिंगी, ४५ ला लाल. लाल इशारा आला की काय करायचं तेही आधीच लिहून ठेवलेलं असतं. दवाखान्यात बर्फ आणि सलाइन तयार ठेवायचं, पाणपोया वाढवायच्या, बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, मजुरांच्या वेळा बदलायच्या. पुढे २०१६ मध्ये नागपूरनेही असा आराखडा केला.

त्या शहराचं ४३ आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. हवामान खात्याच्या निकषात सपाट प्रदेशात पारा निदान ४० असावा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढावा, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. किंवा मग सरळ ४५ गाठलं तर. विदर्भात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या वर, म्हणजे आपल्याकडे लाट जाहीर व्हायला पारा पार तापावा लागतो. आणि माणूस तर त्याच्या आधीच आडवा होतो, विशेषतः मार्चअखेर, शरीराला उन्हाची सवय लागलेली नसते तेव्हा.

नुसता पारा फसवतो याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे, कारण घरोघरी कूलर आहे. मे महिन्यात ४५ अंशांत कूलर झकास चालतो. जूनमध्ये पारा ३९ वर येतो, आभाळ भरून येतं, पाऊस पडत नाही, आणि तोच कूलर नुसती ओली हवा अंगावर फेकतो. कूलर चालतो पाणी वाळण्यावर. वाळा ओला, हवा कोरडी, पाणी वाळताना उष्णता ओढून नेतं. आपलं अंगही हेच करतं, घामाने. हवेतच पाणी भरलेलं असलं की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून हल्ली तापमान आणि दमटपणा दोन्ही मिळून पाहतात. मेअखेरचा कडक नवतपा सोसलेला माणूस मृगाच्या तोंडावर पडतो, त्याचं हेही एक कारण.

आता जरा 'धोका' या शब्दाकडे. अभ्यासक धोक्याचे तीन तुकडे करतात, आणि ते समजायला मोकाट सांड पुरेसा आहे. सांड सुटला, हे झालं संकट. त्या वेळी रस्त्यावर कोण कोण आहे, ही दुसरी गोष्ट. आणि त्यांतल्या कोणाला पळता येत नाही, ही तिसरी. सांड दर बाजाराला सुटत असेल, पण रस्ता रिकामा असेल तर धोका नाही. रस्ता भरलेला असेल, पण सगळी तरणी पोट्टी असतील तर थोडक्यात निभावतं. सांड तोच, रस्ता तोच, आणि मध्ये काठी टेकत चाललेली म्हातारी असेल तर घात. हवामान खातं फक्त सांडाबद्दल सांगतं. उरलेले दोन तुकडे ज्याचे त्याने शोधायचे असतात, आणि माझ्या मते शहरांच्या तयारीत खरं शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच शोधणं आहे.

शहरं ते नकाशावर शोधतात. कोणत्या वॉर्डात पत्र्याची घरं जास्त, कुठे झाडं नाहीत, कुठे पाणी टँकरने येतं, कुठे एकटे म्हातारे राहतात, हे थर एकावर एक ठेवतात. सगळे थर जिथे गडद होतात तिथे आधी पोचायचं. गावात याला संगणक लागत नाही. आशाताईला विचारलं की ती बोटांवर मोजून सांगते : कोण बाळंतीण आहे, कोणाला शुगर आहे, कोणाचा पोरगा पुण्याला असून म्हातारा एकटा टिनाखाली झोपतो. एवढंच की हे तिच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं, आणि ती माहेरी गेली की ते ज्ञानही तिच्यासोबत बसने जातं.

पुराचं गणित वेगळं आहे, आणि त्यातला एक शब्दप्रयोग फार घोटाळे करतो : 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. आमच्या पारावर याचा अर्थ असा लावतात की एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निवांत. मडक्यात शंभर सरक्या टाका, त्यांतली एक लाल रंगवा. दर पावसाळ्यात डोळे मिटून एक काढायची, पाहायची आणि परत टाकायची. लाल निघाली की पूर. यंदा लाल निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती मडक्यातून गायब होत नाही. तीस वर्षं हा खेळ खेळलात तर निदान एकदा लाल निघण्याची शक्यता सव्वीस टक्के. घराचं कर्ज फेडायला लागतात तेवढ्या वर्षांत चारांतल्या एकाच्या दारात पाणी, असं समजा.

महाराष्ट्रात पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. निळ्या रेषेला लागून घर बांधलं आणि पंचवीस वर्षं राहिलं, तर तेवढ्या काळात एकदा तरी पाणी आत येण्याची शक्यता चौसष्ट टक्के निघते. हे गणित प्लॉट विकणारा सांगत नाही.

आणि मडक्यातल्या लाल सरक्या आता वाढताहेत. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. बरसायची वेळ आली की ते सगळं एकदम ओतते. जुन्या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून आखलेली रेषा पुढच्या पन्नास वर्षांना पुरेलच असं नाही.

नागपूर जिल्ह्यात नरखेड तालुक्यातलं मोवाड ज्यांनी पाहिलंय त्यांना रेषा समजावून सांगावी लागत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. आमच्याकडे आजही नदीला पाणी चढलं की कोणीतरी जुनं माणूस मोवाडचं नाव काढतंच. पूर्वेकडे वैनगंगेची तऱ्हा आणखी निराळी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिकडच्या धरणातून पाणी सुटलं, आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्याखाली गेली. आपल्या डोक्यावर किती पडतंय एवढंच पाहणाऱ्याला असा पूर कळत नाही. नदीकाठच्या गावाने वरच्या धरणाची बातमी ठेवायची असते. भामरागडला तर तीन नद्या भेटतात, पर्लकोटा चढली की तालुक्याचा रस्ता बंद. तिथे तयारीचा अर्थ पावसाळ्याआधी धान्य, औषधं आणि दिवस भरत आलेल्या बायांची सोय.

मिलिमीटर हा शब्द कानावरून जातो, म्हणून एकदा हिशेब मांडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. एका एकरावर चार हजार लिटर. शंभर मिलिमीटर म्हणजे एकरी चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, एकेका एकरावर. वावरात हे पाणी थोडं मुरतं, थोडं धुऱ्याला अडतं. सिमेंटवर ते कुठेच जात नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात एका रात्रीत काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडलं, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शहरांच्या जुन्या गटारी तासाला जेमतेम वीस-पंचवीस मिलिमीटर वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या. मुंबईने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झेलले, तेव्हाही हिशेब पंचवीसचाच होता; तिथे तो पुढे पन्नासवर न्यायचं ठरलं.

गावात हीच चूक आपण लहान आकारात करतो. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता तीनदा झाला. दर वेळी जुन्यावर नवा थर. रस्ता वर आला, घरं होती तिथेच राहिली, आणि आता चार घरांचा उंबरठा रस्त्याच्या खाली आहे. पाऊस आला की ती माणसं आधी दाराला गोण्या लावतात, मग चहा ठेवतात. खाली नाल्यात बेशरमाची झुडपं माजलेली, रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, पाइपात प्लास्टिक आणि पऱ्हाटीच्या काड्या. नवा रस्ता करण्याआधी जुना उखडावा, इतकी साधी गोष्ट अंदाजपत्रकात लिहून घेतली असती तर ती चार घरं वाचली असती. उद्घाटनाला मीही पेढे खाल्लेत, त्यामुळे जास्त बोलत नाही.

रपट्यावरून आठवलं : वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की माणसाचा पाय सरकू शकतो, आणि गुडघ्यापर्यंतच्या पाण्याला कारसुद्धा उचलून नेता येते. कारण गाडीत हवा असते, ती तरंगते. मोटरसायकलचं तर नाव नको. 'आत्ताच तो गेला की' हे रपट्यावरचं सगळ्यात महाग वाक्य आहे.

अंदाजाची भाषाही जरा शिकून घ्यावी लागते. 'विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार' असं आलं आणि आपल्याकडे पाऊस पडला नाही, की लोक खात्याला शिव्या देतात. 'तुरळक' म्हणजे त्या भागातल्या चारातल्या एका केंद्रावर किंवा त्याहून कमी ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. आपलं गाव त्या चौथ्यात असेल की नाही, हे कोणी सांगितलेलंच नसतं. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हलायला लागा. रंग ठरतो तो किती पडेल एवढ्यावरून नाही. त्याने काय काय मोडेल आणि ते घडण्याची शक्यता किती, हेही त्यात धरलेलं असतं. आणि जिल्ह्याचा रंग जिल्ह्याचाच. पुढच्या तीन तासांसाठी वेगळा तातडीचा इशारा निघतो, गावाला खरा उपयोगी तो.

त्यातही वीज. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात, आणि त्यांत वावरात राबणारी फार. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. पण भातरोवणीच्या बांधीत वाकलेल्या बाईचा फोन झोपडीत, पिशवीत, डब्याच्या खाली. तिला कान पुरतात. वीज चमकली की मोजायला लागायचं. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पुढची तुमच्या धुऱ्यावर पडू शकते. पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. धुऱ्यावरच्या एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही, मग ते मोहाचं असो की देवाचं. मुकादमाने अर्ध्या तासाची मजुरी कापायची नाही, हे आधी ठरलं तरच यातलं काही होतं.

कायद्याने सगळं व्यवस्थित आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं, कलेक्टर त्याचे अध्यक्ष. आराखडे असतात, जाडजूड. असाच एक आराखडा मी एकदा चाळला, तर त्यात एका गावासमोर संपर्क म्हणून ज्या कोतवालाचा नंबर होता तो निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला होता. नुकसानीनंतरची व्यवस्था आपल्याला तोंडपाठ असते : महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, मग पंचनामा, मग यादी, मग यादीत नाव का नाही. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, पाऊस आमच्या शिवारात, हे भांडण वेगळंच.

संकटाच्या आधीची तयारी मात्र कोणाला पाठ नाही. शहरांच्या चांगल्या आराखड्यांत एक गोष्ट असते ती आपण उचलावी : एक मोडलं की त्यामागे काय काय मोडतं, ती साखळी लिहून काढणं. आमच्याकडची साखळी अशी. वादळ आलं की लाइन जाते. लाइन गेली की नळयोजनेची मोटर बंद, टाकी रिकामी. टाकी रिकामी की लोक नाल्याजवळच्या जुन्या विहिरीवर, आणि पुराचं गढूळ पाणी नेमकं त्याच विहिरीत उतरलेलं असतं. चौथ्या दिवशी हगवण, सहाव्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन संपतं. मग बातमी येते 'गावात साथ'. साथीची सुरुवात वादळाच्या रात्री झाली होती. नारिंगी इशारा आला की संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, एवढं पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगितलं असतं तर साखळी दुसऱ्या कडीलाच तुटली असती. खर्च शून्य.

यंदा आम्ही काही जणांनी मिळून गावाची फेरी केली. आशाताई, पोलीस पाटील, लाइनमन, दोन म्हाताऱ्या आणि मी. शाळेच्या पडवीत रांगोळीने गाव काढलं. टिनाची घरं पांढऱ्याने, एकटी माणसं लालने. एकाने १९९४ चं पाणी सांगितलं, तर म्हातारी उसळली, "चौऱ्याण्णवचं नोको सांगू, त्याच्या आंधीचं सांग. पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीले होतं, मी तठी म्हैस बांधली होती." लाइनमनने जाऊन तिसरी पायरी पाहिली आणि गुपचूप डीपीकडे, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडे, नजर टाकली. डीपी पायरीच्या खाली आहे.

मग प्रश्न आला, पाणी चढलं किंवा ऊन फार तापलं तर माणसं न्यायची कुठे. सगळे एकसुरात म्हणाले, शाळेत. स्लॅबची इमारत, उंचावर, चार पंखे, बोअर, संडास. कागदावर लिहून झालं. तेवढ्यात आजीने विचारलं, "अन् शाळेची किल्ली?"

किल्ली सरांकडे. सर तालुक्याला राहतात. येताना रपटा लागतो. आणि मे महिन्यात तर सुट्ट्या.

दुसरी किल्ली करून कोतवालाच्या घरी ठेवायची असं ठरलं. सरांची हरकत नाही, पण वरून लेखी पाहिजे म्हणाले. अर्ज दिला आहे. लाइनमनने डीपी वर घेण्याचा अर्ज दिला आहे. आजीच्या टिनावर तेवढा मागच्या रविवारी चुन्याचा हात मारला, दोन घमेली चुना लागला, आणि थर्मामीटर तिथेच खुंटीला आहे.